मेजर कुठला घेऊ, गणित की भूशास्त्र? (बाबा म्हणतात इथे काय कमी दगड आहेत)

कोयनाकाठ | १२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पुण्यात एफवायबीएस्सीला आहे, मूळची पाटणची. आमच्या कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे, माझे फिजिक्स, गणित आणि भूशास्त्र म्हणजे जिऑलॉजी, आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर, एक मायनर आणि तिसऱ्याला रामराम. फॉर्म जूनच्या पहिल्या आठवड्यात. फिजिक्सला रामराम हे नक्की, त्यावर घरात हॉस्टेलवर कुणाचंच दुमत नाही, माझे मार्क बघून फिजिक्सच्या मॅडमचंही नसेल.

भांडण उरलेल्या दोघांचं आहे. जिऑलॉजी मी मुद्दाम घेतला नव्हता, ग्रुपमध्ये आला म्हणून आला. पण डिसेंबरात आम्हाला कात्रज घाटात फील्डला नेलं, सरांनी रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे बोट दाखवून विचारलं की लाव्हाचे किती थर दिसतात, मी म्हणलं एकच आहे की सगळा, आणि संध्याकाळी बसमध्ये बसताना मला तिथेच चार दिसत होते. तेव्हापासून घरी जाताना खंबाटकीत पण एसटीच्या खिडकीतून तेच चालू असतं. शिवाय आमच्याकडे आजी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अजून सांगते, पहाटेची वेळ, आजोबांनी बाबांना घोंगडीसकट उचलून अंगणात आणलं वगैरे, आणि अजूनही अधूनमधून भांडी वाजली की आम्ही चहा पीत बसतो, कुणी उठत पण नाही. तर असं.

बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले दगड बघायला तुला पुण्याला पाठवलंय का, इथे काय कमी दगड आहेत? त्यांचं म्हणणं गणित घे, मग एमसीए कर, आतेभाऊ हिंजवडीला आहे तो लावून देईल. गणितात मला ८१, जिऑलॉजीत ७०. आणि गणित आवडत नाही असंही नाही. रूममेट म्हणते जे आवडतं ते कर. पण मला नक्की काय आवडलंय, तो विषय की ती एक सहल, हेच मला कळेना झालंय.

हिंजवडीकर_परत_ट्रॅफिकमध्ये | १३ मे, सकाळी ९:१०

वाकड पुलाखाली उभा आहे, पाऊण तास आहे हातात, लिहितो.

मी मेकॅनिकल. बारावीनंतर सीईटीचे मार्क आले तसे कॅप राउंडच्या फॉर्ममध्ये कटऑफच्या उतरत्या क्रमाने कॉलेजं भरली, जे लागलं ते लागलं, विषय कुणी निवडला म्हणाल तर कटऑफने निवडला. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि वर्कशॉपमध्ये कानस घासून जॉब बनवले, मग कॅम्पसला आयटी कंपनी आली, तिने आमच्या वर्गातले साठातले चाळीस उचलले, तीन महिने जावा शिकवलं आणि टेस्टिंगला बसवलं. आज अकरा वर्षं झाली. वाईट चाललंय असं नाही, रावेतला फ्लॅट आहे, हप्ता आहे. फक्त परवा मुलाने विचारलं बाबा तू काय बनवतोस, तर मला सांगता आलं नाही.

तुला सांगायचा मुद्दा असा की आयटीत यायला गणितच मेजर लागतं असं काही नाही गं. माझ्या टीममध्ये एक केमिस्ट्रीवाली आहे, एक बीकॉम आहे. बारावीला गणित असलं की बीएस्सी कुठलीही असो, एमसीएची सीईटी देता येते. त्यामुळे बाबांचा प्लॅन दोन्ही रस्त्यांनी शाबूत राहतो. सिग्नल सुटला.

निवांत_काका | १३ मे, सकाळी १०:०२

आमच्या वेळी दोनच विषय होते, नोकरी लागणारा आणि न लागणारा. मी न लागणारा घेतला आणि बँकेत लागलो. चालू द्या.

आकडेमोड | १३ मे, दुपारी १:२५

मी कॉलेजात गणित-संख्याशास्त्र शिकवते म्हणून पक्षपाती आहे हे आधीच कबूल. ८१ मार्क असलेली मुलगी गणित सोडणार म्हणली की माझ्या पोटात दुखतं. गणित मेजर ठेवलंस तर पुढे संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, विमा कंपन्यांचं अ‍ॅक्च्युअरीचं काम, डेटाचं काम, शिक्षकी, सगळी दारं उघडी राहतात. आपल्या गावातच १९३० सालापासून गोखले इन्स्टिट्यूट उभी आहे, गणित पक्कं असलेली मुलं तिथे अर्थशास्त्रात सहज रुळतात. जिऑलॉजी मायनर ठेव, हौस भागेल. भूशास्त्राच्या नोकऱ्या मुळात थोड्या, त्यात सरकारी जागा कधी निघतात कधी नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस पण कात्रजचा घाट हे करियर नाही.

पेठेतला | १३ मे, रात्री १२:५०

जागा आहे तर लिहून टाकतो. मी सदाशिव पेठेत अभ्यासिकेत साडेपाच वर्षं काढली. बीए केलं होतं, कुठला विषय ते महत्त्वाचं नव्हतं कारण स्पर्धा परीक्षेला पदवी कुठलीही चालते, आणि हे 'कुठलीही चालते' हेच मला भोवलं. म्हणजे कॉलेजची तीन वर्षं मी असा वागलो की ती पदवी म्हणजे नुसतं तिकीट आहे, खरी गाडी पुढे. लेक्चर नाही, प्रोजेक्ट नाही, एका सरांचं नाव आठवत नाही. मग शास्त्री रोड, महिन्याची मेस, अप्पा बळवंत चौकातून आणलेले पुस्तकांचे गठ्ठे, दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य साडेचार मार्कांनी गेली. मध्येच राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक होणार म्हणून २०२३ ला आंदोलनं झाली, ते २०२५ वर ढकललं, आम्ही रस्त्यावर बसलो होतो आणि मला बसल्या बसल्या कळत होतं की आपण फक्त वेळ मागतोय.

आता एका सहकारी पतसंस्थेत आहे, बरा आहे, रडगाणं नाही. परीक्षा देऊ नये असं पण म्हणत नाहीये, माझे दोन दोस्त साहेब झालेत. पण कोयनाकाठ, तू जे पण मेजर घेशील ते तिकीट म्हणून घेऊ नकोस. त्यातलं काहीतरी हाताला लागू दे. माझ्या हाताला फक्त चालू घडामोडी लागल्या आणि त्या पण शिळ्या होतात.

सईची_आई | १४ मे, सकाळी ७:३०

लेक यंदा दहावीतून अकरावीत, त्यामुळे हा धागा जीव मुठीत धरून वाचतेय. कोयनाकाठ बाळा, तू अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट केलीस का? ज्ञानप्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाकडून आम्ही मोठ्याची करून घेतली होती. त्याचा अहवाल वाचून आमची भांडणं संपली नाहीत पण निदान मुद्द्यावर आली.

हिंजवडीकर_परत_ट्रॅफिकमध्ये | १४ मे, सकाळी ९:०५

सईची_आई, टेस्ट बरी असते पण तिच्यात आकलन आणि कल यापलीकडचं कळत नाही. मला आकृती फिरवून ओळखण्यात पैकीच्या पैकी होते. पुढे टेस्टिंगमध्ये आकृती फिरवायची वेळ आली नाही.

रोकडा_बोल | १४ मे, सकाळी ११:१५

काही उपयोग नाही कशाचाच. एआय सगळं खाणार. प्लंबर व्हा.

निवांत_काका | १४ मे, सकाळी ११:१८

प्लंबर पाठवा की मग एक. तीन दिवस झाले नळ गळतोय.

खडकाळ | १४ मे, रात्री १०:२०

धागा मैत्रिणीने पाठवला, खास आयडी उठवून लॉगिन केलं. मी जिऑलॉजिस्ट आहे, बोगदे आणि पायाच्या कामाच्या कन्सल्टन्सीत, नऊ वर्षं. आकडेमोडताई, घाट हे करियर नाही हे खरं, पण घाटातून बोगदा काढायचा असेल तर कुणीतरी आत काय आहे ते सांगावं लागतं आणि ते कुणीतरी मी आहे.

कोयनाकाठ, तुझा प्रश्न मला फार आवडला, विषय की सहल. सहल सगळ्यांनाच आवडते गं. माझ्या वर्गातल्या चोवीस जणांना आवडायची, आज सात जण या कामात आहेत. म्हणून मी तुला सहल सांगत नाही, मंगळवार सांगते.

बोगद्याच्या किंवा पुलाच्या जागी ड्रिलिंग करून खडकाचा दांडा बाहेर काढतात, त्याला कोअर म्हणतात, आमच्या कामात बहुतेक एनएक्स साइज म्हणजे साधारण ५४.७ मिलिमीटर जाड. ते तुकडे क्रमाने लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत लावतात आणि मी स्टूल घेऊन त्या पेट्यांपुढे बसते. प्रत्येक तुकडा ओला करायचा (कोरडा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा आपला काळा खडक, काही बोलत नाही), रंग, पोकळ्या, पोकळ्यांत काय भरलंय, भेगा कुठल्या कोनात, भेगेत माती आहे का, सगळं लिहायचं. मग आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी, काढायचा: दीड मीटरच्या एका खेपेत दहा सेंटिमीटर आणि त्यापेक्षा लांब जेवढे अखंड तुकडे असतील त्यांची बेरीज १०५ सेंटिमीटर आली तर १०५ भागिले १५०, सत्तर टक्के. झालं, हेच गणित. असं दिवसाला पन्नास-साठ मीटर. शेड पत्र्याची, मे महिना. साइटवर असलीस तर बाईमाणसाला बाथरूमची सोय आहे का हे पहिल्या दिवशीच भांडून घ्यायचं, लाजायचं नाही. सुरुवातीला मला बावीस हजार मिळायचे, वर्गातली आयटीत गेलेली मैत्रीण त्याच वेळी माझ्या दीडपट कमवत होती, हेही सांगून ठेवते.

आणि मग कधीतरी सलग काळ्या बेसाल्टमध्ये अचानक वीतभर लाल चिकणमातीसारखा थर येतो. रेड बोल. दोन लाव्हांच्या मधल्या शांततेत वरचा भाग कुजून माती झाली, तिच्यावर पुढचा लाव्हा आला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं हे सगळं, पण ठेकेदाराला त्याचं काही नाही, त्याला एवढंच हवंय की हा थर बोगद्याच्या छतात येतो की तळात. पाणी लागलं की हा थर मऊ होतो, छतात असला तर वरचा खडक धरून ठेवत नाही. म्हणजे मी त्या पेटीत काय लिहिलं यावर आधाराला किती लोखंड लागणार ते ठरतं. सही माझी असते.

तर तुला रेड बोल आवडेल यात शंका नाही. तो येण्याआधीच्या पंधरा पेट्या तू कशा काढशील ते बघायला पाहिजे. भूगावकडे आमची कोअर शेड आहे, रीतसर परवानगी काढते, मैत्रिणीला घेऊन ये. विपु केलीय, म्हणजे तुझ्या विचारपुशीत निरोप टाकलाय.

आकडेमोड | १४ मे, रात्री ११:०५

खडकाळ, चोख लिहिलंत, माझी घाटाची टिप्पणी मागे घेते. पण प्रश्न तसाच आहे. चोवीसातले सात म्हणजे सतरा बाहेर. त्या सतरा जणांना गणिताचा आधार असता तर?

खडकाळ | १५ मे, सकाळी ६:४५

त्यातले दोन जीआयएस म्हणजे संगणकी नकाशे आणि उपग्रह चित्रांच्या कामात, एक भूजल खात्यात, म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत, ती पुण्यातच आहे हो मुख्य कचेरी. तीन शिक्षक. एक जण वाघोलीच्या खाणीतले झिओलाइट आणि तो निळा कॅव्हनसाइट, ही बेसाल्टच्या पोकळ्यांतली खनिजं, परदेशी संग्राहकांना विकतो, आमच्या सगळ्यांपेक्षा श्रीमंत. बाकी बँका, आयटी, एक पोलीस उपनिरीक्षक. उपाशी कुणी नाही.

पण मी तुमचा मुद्दा उलटा धरते. दारं किती उघडी हे मोजू नका, कुठलं दार नंतर उघडता येत नाही ते बघा. पायथन, एक्सेल, संख्याशास्त्र तिला पंचविसाव्या वर्षी घरी बसून शिकता येईल, यूजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलीय, एक ऑनलाइनही करता येते. पण मायक्रोस्कोपखाली खडकाचा पातळ छेद बघणं, नकाशा घेऊन दहा दिवस फील्ड, शेजारी सर उभे राहून सांगतायत की हा डाइक आहे, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची भिंत, हे नंतर विकत मिळत नाही. शिवाय पुढे एमएस्सी जिऑलॉजीला बऱ्याच ठिकाणी पदवीला हा विषय किती सेमिस्टर होता ते बघतात. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम या प्रवेश परीक्षेत जिऑलॉजीचा स्वतंत्र पेपर आहे. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा आहे, तिला भूशास्त्रातली किंवा त्याच्याच जवळच्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, जागा दरवर्षी कमीजास्त, त्यावर सगळा डाव लावू नये. पेठेतला यांनी लिहिलंय ते परत वाच.

कोयनाकाठ, मायनर मात्र गणितच ठेव. भूजल, भूकंप, उतारांची स्थिरता, जिथे जाशील तिथे लागतं. मला कमी येतं आणि रोज जाणवतं.

आकडेमोड | १५ मे, सकाळी ८:३०

"कुठलं दार नंतर उघडता येत नाही" हे मी पुढच्या वर्षीच्या समुपदेशनात चोरणार. गणित नंतर जोडता येतं हे मात्र मान्य नाही, पंचविसाव्या वर्षी रिअल अ‍ॅनालिसिस शिकणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण तिला त्याची गरज आहे का, हा वेगळा प्रश्न.

पेठेतला | १५ मे, सकाळी ८:५०

सगळ्यांनाच अनुमोदन. वाचनखूण साठवली, भाचीसाठी.

कोयनाकाठ | २४ मे, रात्री ११:५५

उशीर झाला, सॉरी. दोन्ही करून आले.

आधी खडकाळताईंची शेड. रूममेटला घेऊन गेले, ती तिसऱ्या पेटीनंतर बाहेर जाऊन रील बघत बसली. मला ताईंनी वही दिली आणि त्यांच्या आधीच झालेल्या एका बोअरच्या पेट्या परत काढायला सांगितल्या. पाचव्या पेटीपर्यंत मजा, सहा ते नऊ मला खरंच झोप येत होती, पाठ दुखत होती, सगळे तुकडे सारखेच दिसत होते, मनात आलं बाबा बरोबर बोलतात. मग ताईंनी माझं लिहिलेलं बघितलं आणि सातव्या पेटीतल्या एका तुकड्यावर मी भेग लिहिली होती ती भेग नाहीये, ड्रिलिंग करताना तुटलाय, कडा ताज्या आहेत बघ म्हणाल्या. मला इतका राग आला स्वतःचा की पहिल्यापासून सगळ्या परत काढल्या. बाहेर अंधार पडला. रेड बोल वगैरे काही आला नाही, त्या बोअरमध्ये नव्हताच, हे ताईंना आधीपासून माहीत होतं!!

मग हिंजवडीला भावाकडे. शनिवार होता पण त्यांचं रिलीज होतं, घरूनच काम. त्याच्या शेजारी चार तास बसले. तो एक चूक शोधत होता, सापडली तेव्हा खुर्चीतून उठून नाचला. त्याला ते आवडतं हे मला माहीतच नव्हतं, आम्हाला वाटायचं पगारासाठी करतो. मला ती चूक समजली, कशी सापडली ते पण समजलं, पण नाचावंसं काही वाटलं नाही. ७० मार्कांचं पण बघितलं, लेखी पेपरात गेलेत, प्रॅक्टिकलला ५० पैकी ४४ आहेत.

काल घरी गेले होते. बाबांना आरक्यूडी समजावून सांगितला, बिलाच्या मागच्या बाजूला लिहून. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, म्हणजे पाइपच्या लॉटमध्ये आखूड तुकडे किती निघाले ते मोजतात तसंच की. मी म्हणलं हो तसंच. मग म्हणाले याचे पैसे कोण देतं? मी म्हणलं ठेकेदार. "ठेकेदार वेळेवर देतात का?" त्यावर मला उत्तर नव्हतं, ताई तुम्हीच सांगा.

हो म्हणाले नाहीत. पण कराडजवळ हजारमाचीला भूकंपाच्या अभ्यासासाठी बोअर मारणाऱ्यांची सरकारी प्रयोगशाळा आहे असं मी सांगितलं तर म्हणाले तिथल्या एकाने आपल्याकडून साखळी नेली होती. फॉर्म ३ तारखेला भरतेय, मेजर जिऑलॉजी, मायनर गणित. निघताना बाबांनी दुकानातला एक हातोडा पिशवीत घातला, दोन पौंडी, नवा, दांड्यावरची किमतीची चिठ्ठी पण काढली नाही. पुढच्या फील्डला हाच घेऊन जाऊ ना?

आकडेमोड | २५ मे, सकाळी ७:१०

मायनरच्या पहिल्या सेमिस्टरला अडलीस तर विपु कर. फुकट.

निवांत_काका | २५ मे, सकाळी ९:४०

नळ अजून गळतोय. तुझ्या बाबांकडे वॉशर मिळेल का?

खडकाळ | २५ मे, रात्री ९:१५

ठेकेदार वेळेवर देत नाहीत, बाबांना सांग नव्वद दिवस धरून चालायचं, त्यांना कळेल.

हातोडा नेऊ नकोस. दुकानातला हातोडा खिळ्यांसाठी असतो, बेसाल्टवर मारला की त्याच्याच तोंडाचा कपचा उडतो आणि डोळ्यात जातो, मी होताना बघितलंय. जिऑलॉजीचा वेगळा येतो, तोंड आणि दांडा एकसंध पोलादाचा, मागे टोक. पहिलं वर्षभर डिपार्टमेंटचा वापर, गॉगल घालून. स्वतः घ्यायचंच असेल तर आधी दहा पट मोठं दाखवणारी लेन्स घे, गळ्यात अडकवायची.

बाबांचा हातोडा हॉस्टेलवर ठेव. कोअरच्या पेट्यांची झाकणं खिळ्यांचीच असतात.